सातवा रकाना

आमच्या लॅबमध्ये मलेरियाच्या स्लाइड्स कोण बघतं, हे दवाखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कागदावर कुठेच नव्हतं. कागदावर मी बघत होते. रिपोर्टाखाली सही माझी, शिक्का माझा, रजिस्ट्रेशन नंबर माझा. प्रत्यक्षात बघायचे काका, म्हणजे आमचे लॅब अटेंडंट, वर्ग चार. नेमणुकीच्या पत्रानुसार त्यांचं काम काचा धुण्याचं, वॉर्डातून नमुने आणण्याचं आणि लाल-पिवळ्या पिशव्यांमधला कचरा वेगळा करण्याचं. सिल्वासातला हा सरकारी दवाखाना नेमका कुठला, ते मी सांगणार नाही. सांगितलं तर उद्या कुणीतरी जुनी रजिस्टरं उघडून बसेल.

मी धुळ्याकडची. डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, झाल्यावर चार वर्षं एका खाजगी लॅबमध्ये शुगर आणि थायरॉइड करत होते. तिथे मशीन आकडा देतं आणि आपण तो कागदावर उतरवतो, एवढंच. नवऱ्याला खडोलीत प्लास्टिकच्या कारखान्यात काम लागलं, आम्ही डोकमर्डीत खोली घेतली आणि मला इथे कंत्राटी जागा मिळाली. अकरा महिन्यांची ऑर्डर. ती संपली की दोन दिवस मी कागदोपत्री कुणीच नसायचे, आणि तिसऱ्या दिवशी नवी ऑर्डर यायची, आली तर. कायमच्या भरतीसाठी माझं वय निघून गेलेलं. मलेरियाचा जंतू मी कॉलेजात एकदाच पाहिला होता, तोही सरांनी आधीच फोकस करून ठेवलेला. मुलाखतीत हे कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

पहिल्याच आठवड्यात एका स्लाइडवर निगेटिव्ह लिहायला मी पेन उचललं, तर मागून आवाज आला, "बेन, जरा वरच्या कडेला जा ना." इथे ताईला बेन म्हणतात. मागे काका उभे, हातात धुतलेल्या काचांचा ट्रे. मला राग आला. ट्रे घेऊन उभा असलेला माणूस मला मायक्रोस्कोप शिकवणार? पण कडेला गेले आणि तिथे जंतूची ती बारीक अंगठी होती. एका बाजूला लाल खडा असलेली, निळी, इतकी नाजूक की पापणी लवली तर निसटावी. काका म्हणाले, "ही दिसली की मग दिसतच राहते." आणि ट्रे घेऊन निघून गेले.

ते दुधनीचे, धरणाच्या पाण्याकाठचे. तरुणपणी हिवतापाच्या खात्यातल्या एका म्हाताऱ्या कर्मचाऱ्याची पेटी उचलून पाड्यापाड्यांवर हिंडले होते. त्या म्हाताऱ्याची नजर गेली तसं स्लाइड्स बघायचं काम त्याने हळूहळू यांच्याकडे सोपवलं. शाळा सातवीपर्यंत. पुढे दवाखान्यात लागले ते काचा धुवायला. पण एकदा आलेली नजर काही नेमणुकीच्या पत्राला विचारून जात नाही.

त्यांची एक पद्धत होती. सकाळी आमच्या तासभर आधी यायचे, आदल्या दिवशीच्या स्लाइड्स रंगवायचे, वाळल्या की सगळ्या बघून टाकायचे. मग प्रत्येक पेशंटच्या फॉर्मच्या कोपऱ्यात पेन्सिलने खूण करायचे. एक ठिपका म्हणजे काही नाही. दोन म्हणजे आहे. आणि छोटं गोल म्हणजे, 'मला काहीतरी दिसलंय, तुम्ही नीट बघा.' रिपोर्ट लिहून झाला की खोडरबर घेऊन स्वतःच खूण पुसायचे. माझ्या आधीपासून असंच चालत आलं होतं आणि त्याबद्दल कुणी कुणाशी बोलत नसे.

पहिलं वर्ष मी त्यांच्यामागून एकूण एक स्लाइड परत बघितली. त्यांची चूक सापडावी असंही मनात होतं, खोटं कशाला बोलू. सापडली नाही. दुसऱ्या वर्षी आमच्यातली एक टेक्निशियन दुसरीकडे डेप्युटेशनवर गेली, दोन जागा तर आधीपासूनच रिकाम्या. उरलो मी आणि मोठ्या बाई. त्या रत्नागिरीच्या, कायम नोकरीतल्या, लॅबच्या प्रमुख. पावसाळ्यात तापाच्या पेशंटची रांग जिन्यापर्यंत जायची. मग मी दोन ठिपके आणि गोल असलेल्याच स्लाइड्स बघायला लागले. एक ठिपका असला की नुसती सही. हे चूक होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

चौथ्या वर्षी उन्हाळ्यात परिपत्रक आलं. वर्ग चारमधल्या ज्यांना लॅबच्या कामाचा पुरेसा अनुभव आहे, त्यांना प्रात्यक्षिक परीक्षा देऊन लॅब असिस्टंट होता येणार होतं, म्हणजे वर्ग तीन. मात्र परीक्षेला कुणाला बसू द्यायचं ते अर्जावरून ठरणार होतं. अर्जात दहा रकाने. सातवा होता 'कामाचे स्वरूप'. तो त्या विभागाच्या टेक्निशियनने भरायचा आणि पाकीट बंद करून द्यायचं. गोपनीय.

काका अर्ज घेऊन आले त्या दिवशी शर्टाला इस्त्री होती.

"बेन, सातवं तुमच्याकडे हाय. तुम्ही काय ते लिवा."

"लिहिते की. परीक्षेचं टेन्शन तर तुम्हाला नाहीच," मी म्हटलं. "परीक्षा घेणाऱ्यालाच असेल."

ते हसले. मग माझ्या स्टुलाकडे बघत म्हणाले, "तीन वर्षं राहिली माझी, रिटायर व्हायला. गावात लोक मला लोहीवाळा डॉक्टर बोलतात, रगत बघणारा. इथं कोणी आलं का मी स्टुलावरनं उठून उभा ऱ्हातो. एकदा तरी बसून बघायचं बेन. चोरून नाय."

मला भरून आलं. आजच भरते, असं मी त्यांना सांगितलं. तेव्हा ते अगदी मनापासून सांगितलं होतं.

दुपारी पेन घेऊन बसले आणि पहिलं वाक्य लिहायच्या आतच अडले. काय लिहू? 'रोज रक्ताच्या स्लाइड्स तपासतात, त्यांचं निदान अचूक असतं.' खरं होतं. पण मग त्या सगळ्या रिपोर्टांवर सही कुणाची? आणि सही करणारीने काय बघून केली? मोठ्या बाईंना विचारलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अगं, लिही की खरं. कोण नको म्हणतंय? त्यांना असिस्टंट कर आणि तू घरी जा. मलाही बरोबर ने. महिनाअखेर तुझी ऑर्डर संपत्ये ना? आणि पंधरवड्यात तपासणीची कमिटी येत्ये, ती लॅबची गुणवत्ताही बघणार आणि स्टाफवर शेराही मारणार. यातलं काय काय तुला नको झालंय ते सांग."

"मग त्यांचं काय?"

"त्यांचं आत्तापर्यंत जे चाललंय तेच."

मला बाईंचा संताप आला. त्या बोलल्या ते बरोबर होतं म्हणून जास्त आला. अर्ज मी ड्रॉवरमध्ये टाकला. नऊ दिवस तो तिथेच पडून होता. नऊ दिवसांत काकांनी एकदाही विचारलं नाही. रोज सकाळी फॉर्मांवर खुणा तयार, काचा धुतलेल्या, रंगाची बाटली भरलेली. मला वाटायचं, विचारा ना एकदा, म्हणजे मी तुमच्यावर खेकसेन आणि जरा मोकळी होईन. घरी मुलीच्या अभ्यासावरून मी उगाचच तिच्यावर डाफरत होते. नवऱ्याने विचारलं, काय झालंय, तर म्हटलं, कमिटी येतेय.

कमिटीच्या दिवशी सकाळी आम्ही दोघीही काकांच्या वेळेला आलो आणि मोठ्या बाईंनी त्यांना बोलावलं. "हे बघा, आज स्लाइड्स नुसत्या रंगवून ठेवायच्या. खुणाबिणा काही नकोत. कमिटी असेपर्यंत काचा धुण्याच्या खोलीतून बाहेर यायचं नाही." काका "हो" म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, आणि मीही नीट बघितलं नाही.

कमिटीत दोघं होते. एक वयस्कर डॉक्टर, ते फ्रीजचं तापमान आणि कचऱ्याच्या पिशव्या बघत फिरले. दुसऱ्या एक मॅडम, स्वतः बरीच वर्षं टेक्निशियन राहिलेल्या. त्यांनी माझ्यासमोर खुर्ची ओढली. मला तेव्हाच कळलं की ही बाई कागद बघणाऱ्यांतली नाही.

"आजच्या स्लाइड्समधली एक माझ्यासमोर बघा," त्या म्हणाल्या आणि ट्रेमधून स्वतःच एक उचलली.

नंबरावरून मी ओळखली. खडोलीतल्या एका कामगाराची होती. आदल्या दुपारी तो बोट पुढे करून बसला होता, अंगावर शाल, बाहेर ऊन मी म्हणत असताना. माझं बोलणं ऐकून त्याने ओळखलं होतं. "ताई, तुम्ही आपलाकडन्याच ना? तीन दिन व्हयनात, थंडी वाजी ऱ्हायनी." मी त्याला म्हटलं होतं, उद्या रिपोर्ट मिळेल, काळजी करू नकोस.

मी तेलाचा थेंब टाकला आणि बघायला लागले. शंभर फील्ड, म्हणजे काच सरकवत शंभर वेगवेगळ्या जागा, बघायची, असा नियम. मॅडम शेजारी बसून बघत होत्या. गेले दोन पावसाळे मी खुणेशिवाय एकही स्लाइड बघितली नव्हती, आणि हे मला त्या क्षणापर्यंत इतकं स्वच्छ कळलं नव्हतं. वीस. चाळीस. पांढऱ्या पेशी, रंगाचे कण, धूळ. सत्तर. शंभर झाली. काही नव्हतं.

"निगेटिव्ह," मी म्हटलं आणि लिहायला फॉर्म ओढला.

फॉर्मच्या कोपऱ्यात पेन्सिलचं छोटं गोल होतं.

एका बाजूला ठेवलेल्या बाकीच्या फॉर्मांवर मी पटकन नजर टाकली. सगळे कोरे. बाईंनी सांगितलेलं त्यांनी पाळलं होतं. फक्त या एका माणसासाठी मोडलं होतं.

"ही खूण कसली?" मॅडमनी विचारलं.

मधल्या काचेच्या खिडकीतून मला काका दिसत होते. पाठमोरे, नळ सुरू. खिडकी उघडी होती, आमचं बोलणं तिकडे जात होतं. मोठ्या बाई दाराशी उभ्या होत्या आणि माझ्याकडेच बघत होत्या. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. अर्जातला सातवा रकाना तिथल्या तिथे, कमिटीच्या समोर भरला गेला असता. माझ्या मनात ते वाक्य तयारही होतं.

"काचा मोजायची खूण आहे, मॅडम. अटेंडंट करतो."

करतो म्हणाले मी. चार वर्षांत मी त्यांना कधी एकेरी संबोधलं नव्हतं.

"अटेंडंट स्लाइड्स बघतो का इथे?"

"नाही. तो फक्त धुतो."

नळ बंद झाला. मग पुन्हा सुरू झाला.

मॅडम रजिस्टर उघडायला लागल्या. माझ्यासमोर तो फॉर्म होता आणि ते गोल होतं आणि तो शालवाला बाहेर बाकावर बसला असणार होता. त्याला निगेटिव्ह म्हणून परत पाठवलं असतं तर तो पॅरासिटामॉल घेऊन रात्रपाळीला उभा राहिला असता.

"मॅडम, मी अजून शंभर फील्ड बघते."

"का? आत्ताच निगेटिव्ह म्हणालात."

"तीन दिवस थंडी वाजून ताप आहे. असा पेशंट मी एकदा बघून सोडत नाही," मी म्हटलं. दहा मिनिटांतलं हे तिसरं खोटं होतं.

या वेळी मी मधला भाग सोडून वरच्या कडेला गेले. तिथे होती. एक अंगठी, मग बऱ्याच अंतरावर दुसरी, दोन खडे असलेली. मेंदूपर्यंत चढणारा मलेरिया ज्या जातीचा असतो, तीच. मी बाजूला सरकले. मॅडमनी डोळा लावला, बराच वेळ बघितलं, आणि त्या डॉक्टरांना हाक मारून म्हणाल्या, "सर, इकडे या. इतके कमी जंतू आहेत, दुसऱ्या कुणी सोडून दिलं असतं. शंका आली की परत बघायची यांना सवय आहे." आणि त्यांनी ते आपल्या वहीत लिहून घेतलं. माझे कान तापले होते. त्यांना वाटलं असेल, कौतुकाने लाजले.

त्या कामगाराला तासाभरात औषध सुरू झालं. पाचव्या दिवशी तो लॅबच्या दारात येऊन मला हात जोडून गेला. मी त्याला काचा धुण्याच्या खोलीकडे पाठवायला हवं होतं.

कमिटी गेली आणि दुसऱ्या दिवशी मी ड्रॉवर उघडला. आता विचार करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. अटेंडंट फक्त धुतो, असं मी कमिटीला तोंडाने सांगितलं होतं. रकान्यात वेगळं लिहिलं असतं तर खोटारडी ठरले असते, आणि तेही लेखी. अर्ज इंग्रजीत होता, मीही इंग्रजीतच लिहिलं: काचसामान धुणे, नमुन्यांची ने-आण, स्वच्छता. खाली अजून एक ओळ जागा होती. तिथे मी लिहिलं, नियमित आणि प्रामाणिक. त्या एका ओळीची मला आजही सगळ्यात जास्त शरम वाटते.

पाकिटाला डिंक लावला आणि काकांच्या हातात दिलं. ते त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं आणि जेवणाच्या सुट्टीत स्वतः ऑफिसात नेऊन दिलं.

माझी ऑर्डर या खेपेला वेळेत आली. इतकंच नाही, तर कमिटीच्या शेऱ्यामुळे मला मलेरियाच्या मायक्रोस्कोपीच्या ट्रेनिंगला पाठवलं, पाच दिवस. तिथे त्यांनी काचेवरच्या रक्ताच्या जाड थेंबाची कड आधी बघायला शिकवलं. रंगाचे कण आणि जंतू यांत फरक कसा करायचा तेही शिकवलं. शेजारच्या बाकावरचे टेक्निशियन भराभरा लिहून घेत होते. मला लिहून घेण्यासारखं काहीच नव्हतं, ते सगळं मला उभ्या-उभ्या शिकवून झालं होतं. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र मिळालं. मोठ्या बाईंनी ते फ्रेम करून लॅबच्या भिंतीवर लावलं. काकांनी स्टुलावर चढून खिळा ठोकला.

पत्र त्यानंतर काही आठवड्यांनी आलं. दुपारी मी डबा धुवायला आत गेले तर काका खिडकीपाशी उभे होते, हातात लांब पाकीट, फोडलेलं.

"बेन, हे जरा वाचा. इंग्लिश मला नाय जमत."

मी ओल्या हातानेच घेतलं. चार ओळी होत्या. पहिल्या दोन वाचून 'या वेळी नाही झालं' म्हणता आलं असतं आणि पत्र परत देता आलं असतं. ते माझ्या मनात आलं, आलं नाही असं म्हणणार नाही. पण एवढं सगळं करून झाल्यावर निदान वाचायला तरी खरं वाचावं असं वाटलं. मी पूर्ण वाचलं, मराठी करत करत. अर्ज नामंजूर. परीक्षेस पात्र नाही. कारण, रकाना सातमधील माहितीनुसार अर्जदारास प्रयोगशाळेत तपासणीच्या कामाचा अनुभव नाही.

मग मीच म्हणाले, "काका, तो रकाना मी भरला."

"ठाव हाय ना."

"त्या दिवशी ऐकलंत तुम्ही. खिडकीतून."

"ऐकलं. पण तसं पण ठाव होतं." त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, भिजलेला कोपरा शर्टाला पुसला. "आधी पण एकदा फॉर्म निघालेला, पत्र पण असंच आलेलं. तुमच्या आधीच्या बेननी पण हेच लिवलेलं."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनीही नाही, मोठ्या बाईंनीही नाही.

"मग तरी माझ्याकडे का दिलात?" माझा आवाज चढला. चिडायचा मला काहीएक अधिकार नव्हता, तरी चिडले होते. "आधीच सांगायचं ना मला. भांडायचं होतं."

काकांनी पत्राची घडी घातली आणि ती वरच्या खिशात ठेवली.

"त्या बेन सगळं शिकून आलेल्या," ते म्हणाले. "तुम्ही माझ्याकडे शिकल्या. मला वाटलं, तुम्ही लिवाल."

बाहेरून वॉर्डबॉयने हाक मारली, नमुने तयार होते. काकांनी हात पुसले आणि ते आणायला गेले.